पाचवा रकाना

उंबरओढ्याला एकतीस दगड आहेत.
म्हणजे दगड पुष्कळ, चुन्यानं आकडे घातलेले एकतीस,
पाझर तलावाच्या सांडव्यापासून
ओढा तेरणेला मिळतो त्या वाकणापर्यंत.
एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी आम्ही मोजायला निघतो.
पुढं प्रयागबाई, काठीनं गवत झोडत, सापाला सांगत की आलो.
मागं मन्मथ, गळ्यात शिलाईची टेप.
मधे मी. गावाच्या टाकीचा कॉक सोडतो,
पाणी कधी येणार हे सगळे मलाच विचारतात,
म्हणून वहीही माझ्याकडं.

वहीत चार रकाने होते:
दगड. झाड. किती. फुलं आली का.

दगड सहा, गाजरगवत, पायलीभर.
"पायलीभर म्हणजे किती?" शिवलीला नववीत आहे,
तिला चौरस मीटर लागतो.
मग चार काठ्या सुतळीनं बांधून चौकट केली.
तिच्या आत येईल तेवढंच मोजायचं,
बाहेर अख्खं शिवार पांढरं का होईना.

दगड अकरा, वेडी बाभूळ, सात.
मागच्या खेपेला सहा होत्या.
सातवी शेळीच्या लेंडीतून आली
आणि चप्पल फोडून मन्मथच्या टाचेत शिरली,
तेव्हा कळलं की ती आहे.

दगड चौदापासून बेशरम.
पाण्यात पाय सोडून बसलेली, जांभळट फुलांची.
कांडं तुटलं तर वाहत जातं,
अडकेल तिथं संसार मांडतं.
ओढा इथं बारा हात होता. टेप म्हणते, पाच.

प्रयागबाई म्हणाली,
"लगीन होऊन आले तवा सासूनं
पहिली हाक मारली ती याच्याच नावानं."
कुणी बोललं नाही.
"आन् याच्याच काड्यांच्या कुडात
मी चार लेकरं वाढवली. लिव्ह, तेबी लिव्ह."

तेबी कुठं लिहू?
शिवलीलानं गुडघ्यावर वही घेतली,
पट्टी नव्हती, काठीच्या कडेनं रेघ ओढली,
वर लिहिलं: कुणी आणलं.

सोपं वाटलं आधी.
गाजरगवत, गव्हाच्या पोत्यातून, म्हातारे सांगतात.
वेडी बाभूळ, सरकारी गाडीतून, तेच म्हातारे.
तलावातली जलपर्णी एका बंगल्याच्या हौदातून.
नाव वहीत आहे. इथं सांगणार नाही.

दगड सतरा.
काठी थांबली. प्रयागबाई ओढ्याकडं नाही,
माझ्याकडं बघत होती.
कारण वाकणावरचं रान आमचं.
ढोर तोंड लावत नाही, फुकटचं कुंपण होतं, म्हणून
बापानं नदीकाठून काड्यांचा भारा आणला होता सायकलवर.
मागं मी. सात वर्षांचा. भारा पोटाशी धरलेला,
सदऱ्यावर चीक.
एक काडी मी हट्टानं मागून घेतली, माझ्या हातानं खोचली,
रोज सकाळी फुटवा बघायला जायचो.
पहिलं फूल आईला नेऊन दिलं.
तिनं ते पाण्याच्या तांब्यात ठेवलं होतं.

"काय लिवलालास रे इतका येळ?"
मी बापाचं नाव लिहिलं. महालिंग.
मग स्वल्पविराम.
मग माझं.

त्या दिवशी सतराव्या दगडाशी अंधार पडेपर्यंत खणलं.
मुळं वर करून खडकावर वाळत घातली,
एकही कांडं पाण्यात पडू दिलं नाही.
वाळल्यावर प्रयागबाई एक भारा घेऊन गेली,
मागच्या कुडाला भोक पडलंय म्हणाली.

आजची नोंद.
दगड सतरा, बेशरम, बावीस. आधी एकोणचाळीस. फुलं आहेत.
दगड एकोणतीस, एक वेल,
तीन पानं, देठाला लव.
प्रयागबाईला ओळखू आली नाही, मलाही नाही.
नाव कळेपर्यंत उपटायची नाही, असं ठरलं.
भोवती चौकट ठेवून आलो.
पाचवा रकाना कोरा.